साडेबावीसशे टप्पे

फोनवर ‘मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को अंतर’ असं टाइप केलं की लगेच उत्तर येतं. साधारण १३,५०० किलोमीटर. एखादी वेबसाइट दहा-वीस किलोमीटर इकडेतिकडे करते, पण भांडावं इतका फरक नसतो. मी हा प्रश्न इतक्यांदा विचारलाय की आता नुसतं ‘मुं’ लिहिलं तरी उरलेलं वाक्य फोनच पुरं करतो. उत्तर मला पाठ आहे. तरी विचारते.

हा आकडा आमच्या घरात पहिल्यांदा आला तो अण्णांमुळे. अण्णा म्हणजे माझे वडील. सातारा आगारात एसटीचे कंडक्टर होते, एकतीस वर्षं. दादाला कॅलिफोर्नियात, सॅन होजेला, नोकरी लागली तेव्हा ते नुकतेच रिटायर झाले होते. गल्लीतली माणसं पेढा तोंडात टाकता टाकता पगार विचारत होती. अण्णांनी विचारलं, “किलोमीटर किती?”

मी फोनमध्ये बघून सांगितलं. त्यांनी कालनिर्णयच्या मागच्या पानावर पेननं भागाकार केला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “साडेबावीसशे टप्पे.”

ज्यांनी लाल डब्यातून फारसा प्रवास केलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. एसटीचं भाडं किलोमीटरवर नसतं, टप्प्यावर असतं. सहा किलोमीटरचा एक टप्पा. टप्प्याच्या मधेच उतरलात तरी पैसे पुऱ्या टप्प्याचे. सातारा ते स्वारगेट साधारण एकशे दहा किलोमीटर, म्हणजे अठरा टप्पे आणि वर थोडं, म्हणजे एकोणीस. अण्णांच्या डोक्यात सगळं जग असं सहा-सहा किलोमीटरचे तुकडे करून ठेवलेलं होतं. मामाचं गाव सात टप्पे. आत्याचं बावीस. माझं कॉलेज एक टप्पासुद्धा नाही, म्हणून “चालत जा.”

त्यामुळे साडेबावीसशे हा आकडा त्यांना झेपेना.

“मधे थांबे किती?”

“थेट विमान असेल तर एकही नाही.”

“विनंती थांबासुद्धा नाही?”

मी हसले. ते हसले नाहीत. थोडा वेळ पंख्याकडे बघत बसले आणि मग मुद्द्याचं विचारलं, “ड्रायव्हर बदलतात का?” लांबच्या विमानात जादा पायलट असतात, पाळीपाळीनं चालवतात, झोपायला त्यांना वेगळी जागा असते, हे मी वाचून दाखवलं. तेव्हा कुठे ते म्हणाले, “मग जाऊ दे पोराला.” जणू परवानगी तेवढ्यावर अडली होती.

मी शाळेत भूगोल शिकवते. आठवीच्या वर्गात दरवर्षी एक खेळ करते. भिंतीवरच्या सपाट नकाशावर मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को दाखवते आणि विचारते, विमान कुठून जाईल? मुलं पट्टी लावतात. अरबस्तान, आफ्रिकेचं वरचं टोक, अटलांटिक, अख्खी अमेरिका आडवी कापून पलीकडचा किनारा. काही हुशार पोरं उलटी जातात, चीन-जपानवरून पॅसिफिक ओलांडून. मग मी पृथ्वीगोल टेबलावर ठेवते आणि एका पोराच्या हातात दोरा देते. एक टोक मुंबईवर, एक टोक सॅन फ्रान्सिस्कोवर, आता ताण. दोरा सरकत सरकत वर जातो. जयपूरच्या आसपास, लडाख, चीनचा पश्चिम कोपरा, सैबेरिया, मग थेट आर्क्टिक महासागर, अलास्का, कॅनडाचा पश्चिम किनारा आणि खाली कॅलिफोर्निया. अमेरिकेला जायचं तर मुंबईतून जवळजवळ उत्तरेकडे तोंड करून निघायचं, हे वर्गाला दरवर्षी खोटं वाटतं. भिंतीवरचा नकाशा बहुतेक वेळा मर्केटरच्या पद्धतीचा असतो. १५६९ मध्ये समुद्रावरच्या खलाशांसाठी केलेली सोय ती. होकायंत्राची दिशा त्यावर सरळ रेषा दिसते, पण ध्रुवाकडचा भाग असा काही ताणला जातो की जवळची वाट लांबची दिसायला लागते.

तो दोरा म्हणजेच १३,५०० किलोमीटर. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर, त्यामुळे पृथ्वीच्या पाठीवर कुणीही कुणापासून २०,००० किलोमीटरपेक्षा लांब असूच शकत नाही. त्याहून पुढे गेलात की दुसऱ्या बाजूनं जवळ यायला लागता. दादा त्या टोकाच्या दोन तृतीयांशावर होता. मी हे अण्णांना समजावलं होतं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे अजून लांब जायला जागा आहे म्हण की.”

खेळाचा दुसरा भाग मी वर्गात घेत नाही, वेळ पुरत नाही. तो असा की त्या दोऱ्यावरून विमान सहसा जातच नाही. काराकोरम आणि तिबेटचं पठार वाटेत आहे. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला तर विमानाला साधारण तीन किलोमीटर उंचीपर्यंत खाली यावं लागतं, आणि तिबेटची जमीनच साडेचार किलोमीटरवर आहे. खाली यायला खालीच नाही. म्हणून वळसा. मग कुणाचं आकाश कुणाला बंद आहे ते बघायचं. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर रशियानं युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, भारतीय विमानांना नाही. म्हणजे त्याच दोन शहरांमधलं अंतर तिकिटावर कुणाचं नाव आहे त्यावर बदलतं. २०२३च्या जूनमध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एक विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या पूर्व टोकाला, मगदानला उतरलं. दोनशेहून जास्त माणसं. ती बातमी अण्णांनी मोठ्यानं वाचून दाखवली होती. “बघ, विनंती थांबा.”

आणि वारा. खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. २०१६च्या ऑक्टोबरमध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकची नेहमीची वाट सोडून पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात झाली. ही वाट सुमारे १५,३०० किलोमीटरची, म्हणजे आधीच्या वाटेपेक्षा हजारभर किलोमीटरनं जास्तच. पण वारा पाठीशी असल्यामुळे वेळ जवळपास दोन तासांनी कमी झाला. लांबचा रस्ता लवकर पोचवतो. हे अण्णांना अजिबात समजावावं लागलं नाही. खंबाटकीला तेव्हा पुण्याकडे जाताना बोगदा होता आणि येताना घाट. “जायचं आणि यायचं अंतर सारखं असतं हे पाटीवाल्यांना वाटतं,” ते म्हणाले, “कंडक्टरला विचार.”

दादाच्या प्रत्येक प्रवासात अण्णा फोनवर ते विमानं दाखवणारं अ‍ॅप उघडून बसायचे. पिवळं इवलंसं विमान. आम्ही झोपायचो, ते जागे. रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठलं तर अंधारात त्यांचा चेहरा फोनच्या उजेडात दिसायचा. “ग्रीनलँडवर आहे. वेळेत आहे.” मग सकाळी वेबिल पुरं केल्यासारखे एक सुस्कारा टाकून झोपायचे. २०२२च्या डिसेंबरमध्ये मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोला थेट विमान सुरू झालं तेव्हा त्यांनी दादाला फोन करून बातमी दिली, जसं काही तो रूट त्यांनीच सुरू करून घेतला होता. “आता मधे उतरायचं नाही. बसलास की इथं.”

दादा म्हणाला, “हो अण्णा, बघतो.”

तो आला नाही. येऊ शकत नव्हता, असं म्हणणं न्यायाचं होईल. त्याच्या पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपला होता. तिथं राहायला, काम करायला ते चालतं, पण एकदा देशाबाहेर पडलं की परत शिरायला नवा शिक्का लागतो, त्याला अपॉइंटमेंट लागते, आणि ती मिळेल तेव्हा मिळते. तिकडे घराचे हप्ते, मुलीची शाळा, वहिनीची नोकरी त्याच्याच व्हिसाला बांधलेली. हे सगळं मला कळत होतं. अण्णांना पहिला झटका आला तेव्हाही कळत होतं. दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून मी व्हिडिओ कॉल धरायचे आणि तो तिकडून विचारायचा, “अण्णा, कसं वाटतंय?” आणि अण्णा ऑक्सिजनची नळी बाजूला करून म्हणायचे, “एकदम ओके.” माझा हात दुखायचा. किती लांब आहे हे मला कळतं हो, मी भूगोलच शिकवते. पण चार वर्षं झाली होती.

जानेवारी. बुधवार. रात्री दहा वाजून चाळीस मिनिटं.

हे मी सावकाश सांगणार आहे कारण इथली मिनिटं महत्त्वाची आहेत.

सॅन होजेत तेव्हा बुधवारचीच सकाळ, नऊ वाजून दहा मिनिटं. हिवाळ्यात ते आपल्या साडेतेरा तास मागे असतात. मी दादाला फोन केला. तो मीटिंगमध्ये होता. त्यानं उचलला आणि मी काही बोलायच्या आधीच त्याला कळलं, कारण मी कधी फोन करत नाही, मेसेज करते. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तो म्हणाला, “तिकिटं बघतो. दहा मिनिटांत करतो तुला.”

त्या दहा मिनिटांत मीही बघितलं. दवाखान्याच्या जिन्यात बसून. थेट विमान जमत नव्हतं. फ्रँकफर्टवरून एक होतं. तिथून दुपारी साडेतीनला निघायचं, इकडे शुक्रवारी पहाटे दोनला मुंबईत. बाहेर पडायला साडेतीन. मग मुंबई ते सातारा अडीचशे किलोमीटर, पहाटेची वेळ, घाटात कुठला ट्रक आडवा पडला नाही तर नऊच्या सुमाराला घरी. अण्णा गेल्यापासून चौतीस तास.

विमान ताशी नऊशे किलोमीटर धरलं तर १३,५०० किलोमीटरला पंधरा तास लागतात. हे आठवीतलं पोरगंही सांगेल. बाकीचे एकोणीस तास कुठे गेले ते मी जिन्यात बसून मोजत होते. बातमी कळण्यापासून विमान सुटेपर्यंत सहा. फ्रँकफर्टला दोन. दोऱ्याऐवजी युरोपचा वळसा, चार-पाच. इमिग्रेशनची रांग. पट्ट्यावरची बॅग. अडीचशे किलोमीटरची शेवटची काडी. अण्णा असते तर म्हणाले असते, पळतीचा वेळ वेगळा आणि थांब्यांचा वेगळा.

चौतीस तास थांबता आलं असतं. हे वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली.

आमच्या पेठेत एका मंडळाकडे शीतपेटी असते, काचेच्या झाकणाची, विजेवर चालणारी. मामांनी दवाखान्यातूनच फोन लावला होता. मंडळाच्या मुलानं विचारलं किती दिवस. मामा म्हणाले, “दोन धर. थोरला अमेरिकेतून यायचाय.” डॉक्टरांनीही हरकत घेतली नाही. म्हणाले, पेटीत असले तर दोन दिवस काही काळजी नाही.

साडेअकराला आम्ही घरी आलो. पेटी टेम्पोतून उतरत होती. दारातली चप्पल-बुटं पायानं बाजूला सारत चार मुलं ती आत आणत होती, तेवढ्यात दादाचा फोन आला.

“छोटे, साडेतीनचं मिळतंय. शुक्रवारी सकाळी नऊपर्यंत पोचतो. थांबाल ना?”

मी अंगणात आले. म्हणाले, “डॉक्टर म्हणतायत उद्या सकाळी दहाच्या पुढे नको.”

“ती थंड पेटी असते ना, ती बघ ना.”

“बघितली. मिळत नाहीये.”

माझ्या मागे मामा त्या मुलांना सांगत होते, प्लग डावीकडे आहे, डावीकडे.

दादा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “बरं. तू आहेस ना तिथं. मी निघतो तरी.”

मी असं का केलं याची तीन कारणं आहेत. पहिलं मी लगेच स्वतःला सांगितलं आणि ते खरं आहे. आई. दोन रात्री दवाखान्याच्या बाकावर काढून ती आली होती. पेटी सुरू झाली, काचेवर बाष्प धरलं, मोटर घुरघुरायला लागली, आणि आई शेजारी बसून पदरानं ती काच पुसायला लागली. “यांना थंडी सोसत नाही गं,” एवढंच म्हणाली. तिला असं चौतीस तास बसवणं मला शक्य नव्हतं.

दुसरं कारण मला त्या आठवड्यातच कळलं. राग. चार वर्षं मी एकटीनं गोळ्यांच्या वेळा सांभाळल्या, रिपोर्ट आणले, कॅशलेसच्या फॉर्मवर सह्या केल्या. आणि आता शेवटच्या दिवशी सगळ्यांनी त्याच्या विमानाकडे डोळे लावून बसायचं. सगळं घर एक बसस्टँड, आणि येणारी गाडी त्याची.

तिसरं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दादा हे वाचेल तेव्हा त्यालाही पहिल्यांदाच कळेल. तो आला असता तर पुढे तो असता. मडकं त्याच्या खांद्यावर, अग्नी त्याच्या हातानं. मी बायकांमध्ये उंबऱ्याच्या आत उभी राहिले असते. तो नसेल तर काका पुतण्याचं नाव काढतील हे मला माहीत होतं, आणि पुतण्याला मी सहज नाही म्हणू शकत होते. दादाला नाही म्हणता आलं नसतं. जिन्यात बसून मी तासांबरोबर हेही मोजलं होतं. इतकं स्पष्ट नाही, पण मोजलं होतं.

गुरुवारी सकाळी काकांनी पुतण्याचं नाव काढलं. मी म्हणाले, “मी करणार.” गुरुजींनी मान डोलावली. बाकी कुणी फार ताणलं नाही. माहुलीला संगमावर नेलं, कृष्णेला वेण्णा मिळते तिथं. आगारातले जुने लोक आले होते. त्यातल्या एका ड्रायव्हरकाकांनी तिरडी उचलताना हलक्या आवाजात म्हटलं, “डबल बेल द्या.” कुणी हसलं नाही आणि कुणाला ते वावगंही वाटलं नाही.

चिता पेटल्यावर सगळे मागे सरकले. मी फोन काढला. अ‍ॅप उघडलं. दादाचा फ्लाइट नंबर आदल्या रात्रीच टाकून ठेवला होता. सव्वादहा वाजले होते आणि ते पिवळं विमान कॅनडाच्या उत्तरेला होतं, ग्रीनलँडच्या थोडं अलीकडे. उंची, वेग, सगळं लिहून येत होतं. वेळेत होतं. त्याला ह्यातलं काहीच दिसत नव्हतं. खाली बर्फ असणार. वर जाळाची धग तोंडावर येत होती आणि मी स्क्रीनवर बोट ठेवून ते विमान मोठं करून बघत होते.

शुक्रवारी सकाळी आठ पन्नासला टॅक्सी दारात आली. माझ्या हिशेबापेक्षा दहा मिनिटं आधी. दादाच्या अंगात जाड जॅकेट होतं, साताऱ्याच्या थंडीला जरा जास्तच. तो आत आला, आईच्या मांडीवर डोकं ठेवून बसला. मी चहा टाकायला गेले.

अर्ध्या तासानं दारात मंडळाचा मुलगा. हातात पाचशेच्या नोटा. “ताई, मामांनी दोन दिवसांचे भरले होते. पेटी एकच रात्र वापरली, म्हणून हे राहिलेले.”

मी नोटा घेतल्या. वळले तेव्हा दादा ओट्याशी उभा होता, कप हातात. त्यानं माझ्याकडे बघितलं. मग कपातल्या चहाकडे. मग म्हणाला, “साखर कमी आहे गं.” मी साखर दिली.

दुसऱ्या दिवशी सावडायला आम्ही दोघं गेलो. दहावा, तेरावा झाला. वहिनीचे फोन, कचेरीचे फोन. मग शिक्क्याची वाट बघणं सुरू झालं. साडेसहा आठवडे तो इथं राहिला. लॉगिन रात्री, झोप दिवसा. त्यानं नळाचे वॉशर बदलले, आईचं पेन्शनचं काम केलं, अण्णांचं कपाट लावलं. कपाटात जुना तिकिटांचा पत्र्याचा ट्रे सापडला, पंच सापडला. तो पंच हातात धरून बसायचा, उगाच टकटक करत. पेटीचा विषय निघाला नाही. जेवताना समोरासमोर बसून आम्ही साडेबावीसशे टप्प्यांवरून बोलल्यासारखे बोलायचो. आवाज जरा उशिरा पोचायचा.

शिक्का आला त्या आठवड्यात त्याचं तिकीट निघालं. विमानतळावर सोडायला मी गेले. गाडी भाड्याची, दोघं मागे. खंबाटकीचा बोगदा आला. आत दिवे, ट्रकचा आवाज, काचा बंद.

“छोटे,” तो समोर बघत म्हणाला, “अण्णांना पेटीत ठेवलं होतं ना?”

“हो.”

“किती वेळ?”

“दहा तास असतील.”

“माझे चौतीस झाले असते.” मग म्हणाला, “मीपण मोजले होते. फ्रँकफर्टला बसून. माझेही चौतीसच आले.”

मला वाटलं तो का म्हणून विचारेल. विचारलं असतं तर मी बहुतेक आईचं कारण सांगितलं असतं. बोगदा संपला, ऊन आलं, ड्रायव्हरनं काच खाली केली आणि विचारलं, साहेब, नाश्ता कुठे करायचा. दादा म्हणाला, पुढे बघू.

विमानतळाच्या दारात त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला, अण्णा ठेवायचे तसा, जरा जडच. आत गेला. काचेच्या आडून एकदा वळून बघितलं की नाही हे गर्दीत कळलं नाही.

घरी पोचायला रात्र झाली. पुढच्या पहाटे त्याचं विमान उडालं. दुपारी फ्रँकफर्टहून निघाल्याचा मेसेज आला. संध्याकाळी दिवाबत्ती झाली, जेवणं झाली, आई आतल्या खोलीत आडवी झाली. मी बाहेरच्या खोलीत, अण्णांच्या खुर्चीत, दिवा न लावता. अ‍ॅप उघडलेलं. ग्रीनलँड मागे पडलं होतं.

आतून आईचा आवाज आला. मला वाटलं होतं झोपली.

“कुठवर गेलाय गं?”

“कॅनडावर आहे आई. वेळेत आहे.”

“टप्पे किती राहिले?”

मी राहिलेले किलोमीटर बघितले. सहानं भागले.

“साडेसातशे.”

“बरं,” ती म्हणाली. “पोचला की उठव मला.”